नाणी ठेवायची कशात? खान्देशच्या उन्हापावसात टिकेल असा होल्डर, डबा आणि शोकेस निवडताना

घरात जुनी नाणी निघाली, आठवडे बाजारातून दोन-चार घेतली, की पहिला प्रश्न हाच येतो, ठेवायची कशात? आणि बहुतेक जण पहिली खरेदी करतात ती जाड कव्हरच्या, मऊ पारदर्शक कप्प्यांच्या अल्बमची, कारण तो दिसतो छान आणि एका झटक्यात शंभर-दोनशे नाणी बसतात. मी पण तेच केलं होतं. आजीकडे पाच चांदीचे राजाछाप रुपये होते, पंचम जॉर्जचे, लाल सुती कापडात गुंडाळून पितळी डब्यात. इतकी वर्षं त्यांना काही झालं नव्हतं, फक्त थोडे काळसर झाले होते. मी ते काढून अल्बममध्ये लावले, अल्बम लोखंडी कपाटात, कपाट पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रे. आमच्या जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालची खोली कशी तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको.

दोन उन्हाळे गेले. आजीने एक दिवस रुपये बघायला मागितले, मी अल्बम उघडला तर नाणं कप्प्यातून सुटेना. ओढून काढलं तर राजाच्या दाढीत आणि मुकुटाच्या खाचांमध्ये हिरवं, चिकट, पातळ गुळाच्या पाकासारखं काहीतरी भरलेलं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसा रंग. आजी एवढंच बोलली, "हाई काय व्हयनं रे भाऊ?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. आता आहे, आणि ते तुम्हाला नाणी खराब व्हायच्या आधी कळावं म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी हे सामान जमवा

- सुती हातमोजे किंवा निदान स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात
- व्हर्नियर कॅलिपर (प्लास्टिकचा साधा डिजिटल चालतो)
- ०.०१ ग्रामपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा
- भिंग, मऊ टॉवेल (नाणं हातातून पडलंच तर त्यावर पडावं म्हणून)
- सिलिका जेल (हवेतली ओल शोषणारे दाणे), झाकण घट्ट बसणारा डबा, छोटा आर्द्रता मीटर (हायग्रोमीटर)
- एक वही आणि मोबाईलचा कॅमेरा

होल्डर, कॅप्सूल (एकच नाणं बसणारी कडक पारदर्शक गोल डबी), शोकेस यातलं काहीच यादीत नाही, ते मुद्दामच. ते घ्यायचं पायरी १ झाल्यावर.

१. आधी नाणी मोजा आणि धातूप्रमाणे वेगळी करा

टेबलावर टॉवेल अंथरा, नाणी पसरा, आणि चांदी, तांबं-ब्राँझ, अॅल्युमिनियम, निकेल-स्टील असे ढीग करा. कारण प्रत्येकाची दुखणी वेगळी आहेत. चांदी गंधकाच्या वाफेने काळी पडते, तांब्याला ओल आणि मीठ चालत नाही, अॅल्युमिनियमचे १, २, ३, ५, १० पैसे इतके मऊ असतात की स्टीलच्या रुपयाशी घासले तरी ओरखडे पडतात. वेगवेगळे धातू एकाच पिशवीत ओलसर जागी राहिले तर त्यांच्यात आपसात गंज लागतो, म्हणून सगळी नाणी एका बरणीत हा प्रकार आजच बंद करा.

मग व्यास मोजा. इंग्रजांचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटर आणि ११.६६ ग्राम, आताचे १० रुपये २७ मिलिमीटर, १९९२ ते २०१० मधला स्टीलचा रुपया २५, जुने जाड ५ रुपये २३. दिसायला हे आकडे जवळजवळ वाटतात पण कॅप्सूल एका मिलिमीटरने मोठी घेतली की नाणं आत खडखड वाजतं आणि कड झिजते, एका मिलिमीटरने लहान घेतली तर बसतच नाही. जाडी पण बघा. शिवराई (मराठा काळातलं तांब्याचं नाणं) व्यासाने लहान असते पण जाडजूड असते, आणि हाताने पाडलेली असल्याने गोल पण नसते, ती तयार कॅप्सूलमध्ये नीट बसत नाही. तिचं काय करायचं ते पुढे येतंच.

रुपयाचं साल पण वहीत लिहा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४० ते ४५ मधल्यात ५० टक्के, आणि १९४६-४७ चे तर निकेलचे. तिन्ही एकाच राजघराण्याचे दिसतात म्हणून एकत्र ठेवू नका. ५० टक्केवाल्यात दुसरे धातू जास्त, त्यामुळे त्यांच्यावर डाग लवकर येतात, माझ्याकडचे तर दरवर्षी थोडे बदलतात.

आणि हो, याच टप्प्यावर नाणी घासायचा मोह होतो. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचं नाही. देवाची भांडी उजळतात तसं नाणं उजळलं की त्याचा वरचा थर जातो, तो परत येत नाही आणि जाणकार माणूस ते नाणं हातात घेऊन लगेच परत ठेवतो.

२. नाण्याला कुठलं प्लास्टिक टेकतंय ते ओळखा

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो.

माझा अल्बम मऊ पीव्हीसीचा होता. पीव्हीसी मूळचं कडक असतं, आपल्या शेतातला पाइप बघा. त्याला मऊ, लवचिक करायला त्यात तेलासारखं रसायन मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उन्हाळ्यात गरमीने ते हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी स्वतः जुनं होत जातं तसं त्यातून आम्ल सुटतं. ते नाण्यातल्या तांब्याला लागलं की झाला हिरवा चिकट थर. चांदीच्या रुपयात पण तांबं असतंच, म्हणून चांदी सुटत नाही. थंड कोरड्या गावात ज्या अल्बमला हे व्हायला बरीच वर्षं लागतील तो आपल्याकडे पत्र्याखाली दोन उन्हाळ्यात खलास होतो.

चांगलं प्लास्टिक कोणतं? मायलार म्हणजे पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन, आणि कडक कॅप्सूलसाठी पॉलिस्टायरीन किंवा अॅक्रिलिक. पाकिटावर "पीव्हीसी फ्री" लिहिलेलं असलं तरी मी घरी तपासतो:

पहिली तपासणी नाकाने. नवा पावसाळी रेनकोट किंवा नवा शॉवरचा पडदा उघडल्यावर जो वास येतो तोच अल्बमला आला तर परत द्या.

दुसरी, पाण्याची. कप्प्याचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि तुकडा बोटाने पाण्याखाली दाबून सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पीव्हीसी बुडतं. पण मायलारही बुडतं, म्हणून बुडालं की लगेच वाईट असं नाही, बुडालं तर तिसरी तपासणी करायची.

तिसरी, तांब्याच्या तारेची. लाइटच्या वायरमधली तांब्याची तार घ्या, तिचं वरचं आवरण पूर्ण काढा कारण ते आवरणच पीव्हीसीचं असतं आणि तुमची फसगत करतं. तार पक्कडीत धरून निळ्या ज्योतीत लाल होऊ द्या, ज्योतीला हिरवा रंग येत नाही याची खात्री करा. मग तापलेली तार प्लास्टिकला टेकवा, थोडं चिकटेल, आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, मुलांना लांब ठेवून करायचं, तो धूर छातीत घ्यायचा नाही. एकदा करून बघितलं की पुढे दुकानदार काय म्हणतो त्यावर तुम्ही अवलंबून राहात नाही.

३. कुठल्या नाण्याला कुठला होल्डर

*चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर.* दोन इंच बाय दोन इंच, मधे मायलारची गोल खिडकी. सुरुवातीला ९० टक्के नाण्यांना हेच घ्या, स्वस्त आहेत, दोन्ही बाजू दिसतात, पुठ्ठ्यावर पेन्सिलने साल आणि टांकसाळ लिहिता येते. फक्त स्टेपल मारल्यावर पिनेची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरा पडतो. आणि नाणं बाहेर काढताना पिना उचकटू नका, पुठ्ठ्याची कड कात्रीने कापा. माझ्या एका भोकाच्या पैशावर, १९४४ चा होता, उचकटताना पिन घसरून आडवी रेघ पडली ती कायमची.

*कॅप्सूल.* चांदीचे रुपये, चांगल्या अवस्थेतली नाणी, आणि जे हाताळायला काढणार त्यांच्यासाठी. आत जो फोमचा गोल असतो तो पॉलिथिलीनचा हवा. काही दिवसांनी तो पिवळा पडून भुसभुशीत होत असेल तर वेगळा फोम आहे, काढून टाका.

*अल्बमची पानं.* अल्बम हवाच असेल तर पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या आणि त्यात नाणं तसंच न टाकता पुठ्ठ्याच्या होल्डरसकट टाका. पान उलटताना नाणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि पुढे पान बदलावं लागलं तरी नाण्याला हात लागत नाही.

*वेड्यावाकड्या जुन्या नाण्यांना.* शिवराई, ढब्बू पैसे, सातवाहनांची शिशाची नाणी, यांना आम्लमुक्त कागदाचं छोटं पाकीट किंवा जाड पॉलिथिलीन फोममध्ये नाण्याच्या आकाराचा खड्डा कापून ठेवायचं. शिशाचं नाणं असेल तर त्याला लाकडाजवळ अजिबात ठेवू नका, का ते पुढच्या पायरीत.

रबर बँड, सेलोटेप, वर्तमानपत्राचा कागद, दुहेरी चिकटपट्टी, यातलं काहीही नाण्याच्या डब्यात जाता कामा नये. रबरात गंधक असतं आणि त्याने चांदी काळी होते, तेही पट्ट्या-पट्ट्यांनी.

४. बाहेरचा डबा किंवा पेटी

लाकडाची पेटी बघितली की मन जातं, कप्पे, मखमल, पितळी कडी. पण लाकडातून आम्लाच्या वाफा निघत राहतात, काही लाकडांतून जास्त. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये तर डिंकाच्या वाफा पण असतात. शिशाला या वाफा फार लवकर लागतात, पांढरी भुकटी होऊन नाणं झडायला लागतं. मखमलीचं पण तेच, रंग आणि गोंद कशाचा आहे कोणाला माहीत.

कापड तपासायची घरगुती रीत सांगतो, वेळ लागतो पण फुकट आहे. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हीत चांदीचा पुसून चकचकीत केलेला छोटा तुकडा (मोडकी जोडवी चालतात) आणि वेगळ्या झाकणात ओला कापूस ठेवा. एका बरणीत कापडाचा तुकडा पण टाका, चांदीला न चिकटवता. झाकणं घट्ट लावून महिनाभर सोडा. कापडाच्या बरणीतली चांदी दुसरीपेक्षा काळी झाली तर ते कापड नाण्यांजवळ नको. म्युझियमवाले अशीच तपासणी ६० अंशाला २८ दिवस करतात, चांदी, तांबं आणि शिसं तिन्ही घेऊन.

मी शेवटी काय वापरतो? पॉलिप्रॉपिलीनचे घट्ट झाकणाचे डबे, किचनमध्ये डाळी ठेवायचे असतात तसलेच पण नवे कोरे, आणि ते डबे रंग चांगला सुकलेल्या लोखंडी कपाटात. दिसायला साधं आहे. नाणी मात्र गेल्या आठ वर्षांत बदललेली नाहीत.

५. घरातली जागा

खान्देशात नाण्यांचे दोन वेगळे शत्रू आहेत आणि दोघांची वेळ वेगळी.

मार्च ते जून ऊन. माळ्यावर नको, पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. घरातली आतली खोली, खालचा कप्पा. गावाकडे जुनं धाब्याचं घर असेल तर उन्हाळ्यात ते थंड असतं, पण पावसात भिंती ओल धरतात, म्हणून तिथे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीवरून उचलून.

आणि इथे एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती: कूलर. आपल्याकडे चार महिने घराघरात वाळ्याचा नाहीतर गवताच्या ताट्यांचा कूलर चालतो. बाहेरची हवा हाड वाळवणारी कोरडी असते म्हणून आपल्याला वाटतं उन्हाळ्यात ओलीचा प्रश्नच नाही, पण कूलर रात्रभर खोलीत पाण्याची वाफ सोडत असतो. मी आर्द्रता मीटर आणला तेव्हा कळलं, ओसरीत आकडा २० च्या आसपास आणि कूलरच्या खोलीत ६० च्या वर, त्याच दुपारी. तेव्हा नाण्यांचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवू नका.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. लिटरभराच्या डब्याला मी २०-२५ ग्राम टाकतो, कापडी पुरचुंडीत, नाण्यांना न लागता. डब्यातला मीटर ४० च्या खाली राहिला की तांबं सुरक्षित. नारंगी दाणे हिरवट झाले किंवा निळे गुलाबी झाले म्हणजे ते भरले, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोन-तीन तास ठेवले की परत कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा कढईत तापवू नका. शक्यतो नारंगीच घ्या.

डांबर गोळ्या, कापूर कपाटात नको. गोठा किंवा गोबरगॅस घराला लागून असेल तर चांदी त्या बाजूच्या खोलीत नको, त्या वायूत गंधक असतं, घरातले पैंजण लवकर काळे पडत असतील तर समजून जा. देवघराच्या धुराचं आणि स्वयंपाकघराच्या फोडणीचं पण तेच.

६. शोकेस, म्हणजे लोकांना दाखवायची पेटी

आधी सगळी नाणी चांगल्या होल्डरमध्ये, मग शोकेस, हा क्रम उलटा करू नका. आणि सगळा संग्रह शोकेसमध्ये लावायचा पण नसतो. दहा-बारा नाणी लावा, दर सणाला बदला.

तयार शोकेसपेक्षा मला खिडक्या बनवणाऱ्या अॅल्युमिनियम सेक्शनवाल्याकडून करून घेतलेली पेटी जास्त पटली. अॅल्युमिनियमची चौकट, ५ मिलिमीटर काच, मागे प्लायऐवजी अॅक्रिलिक शीट, खाली सिलिका जेलसाठी एक चोरकप्पा, आणि कुलूप. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, काच बसवायचं सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, तो वास म्हणजे अॅसेटिक आम्ल. न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, तेच लावायला सांगा, आणि तरीही पेटी दोन-तीन आठवडे उघडी ठेवून मगच नाणी लावा. दोन, आत दिवा नको. पेटीबाहेरून छोटा एलईडी पुरतो. आत दिवा लावला की दिवसा तापते, रात्री गार होते, आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढून घेते.

नाणं चिकटवायचं नाही. कॅप्सूलसकट अॅक्रिलिकच्या छोट्या स्टँडवर तिरकं उभं करा. दोन्ही बाजू दाखवायच्या तर मागची बाजू फोटो काढून शेजारी ठेवा. मांडणी कशी असावी हे बघायचं असेल तर नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं नाण्यांचं म्युझियम आहे, आणि मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम. तिथे एका पेटीत किती कमी नाणी असतात आणि शेजारी किती माहिती असते ते बघून या. आपल्या भागाची एक छान पेटी होऊ शकते, बुऱ्हाणपूर टांकसाळीचा मुघल रुपया, चांदवडचा रुपया आणि एक शिवराई, तीनच नाणी पण बघणारा पाच मिनिटं थांबतो.

महागडं नाणं शोकेसमध्ये नको, बँक लॉकरमध्ये. लॉकर कोरडा असतो असं धरून चालू नका, झिप पिशवी आणि सिलिका जेल तिथेही हवंच.

७. नाणं आधीच हिरवं झालं असेल तर

चिकट हिरवं असेल तर ते पीव्हीसीचं. शुद्ध अॅसिटोन लागतं, प्रयोगशाळेचं केमिकल विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं बुडवा (प्लास्टिकची वाटी विरघळू शकते), पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या वाटीत ताज्या अॅसिटोनमध्ये, मग काढून स्वच्छ सुती कापडावर आपोआप वाळू द्या. घासायचं नाही. अॅसिटोन पटकन पेट घेतं, म्हणून सकाळी गार वेळेला, गच्चीवर, गॅस आणि दिव्यापासून लांब.

कोरडी, फिक्या हिरव्या रंगाची भुकटी असेल, बोट लावलं की झडते, तर तो वेगळा रोग. तांब्या-ब्राँझच्या नाण्यात मीठ मुरलेलं असलं की ओलीत तो वाढत जातो. ते नाणं लगेच वेगळ्या डब्यात भरपूर सिलिका जेलसकट ठेवा आणि जाणकाराला दाखवा. अॅसिटोनने हे जात नाही.

८. वही आणि कागदपत्रं

प्रत्येक नाण्याचे दोन फोटो, वजन, व्यास, साल, टांकसाळ (आताच्या नाण्यांवर सालाखाली चौकोनी टिंब म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल टिंब नोएडा, काहीच नाही तर कोलकाता), कोणाकडून घेतलं, कितीला, बिल. एक प्रत दुसऱ्याच्या घरी. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या नातेवाइकाला भेट द्यायच्या आधी हे लक्षात घ्या. आणि शेत नांगरताना नाणी निघाली तर ती अल्बममध्ये जात नाहीत, १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा गाडलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आठवडे बाजारात कोणी "शेतात निघालेली आहेत" सांगून विकत असेल तर घेऊ नका.

९. वर्षातून दोनदा उघडून बघा

मी आखाजीला (अक्षय तृतीयेला) आणि दसऱ्याला बघतो. आखाजीला ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि पाऊस यायचा असतो, तेव्हा सिलिका जेल तापवून घ्यायची. दसऱ्याला पावसाने काय केलं ते कळतं. डबा उघडला की आधी वास घ्या, आंबट किंवा नव्या प्लास्टिकचा वास आला तर त्याच दिवशी नाणी बाहेर. मग प्रत्येक कॅप्सूल उजेडात तिरकी धरून खाचांमध्ये बघा, दाढी, मुकुट, अक्षरांच्या कडा, हिरवं तिथेच आधी दिसतं. मागच्या फोटोशी ताडून बघा.

आजीच्या पाच रुपयांपैकी तीन अॅसिटोनने स्वच्छ निघाले. दोघांवर चट्टे राहिले, आम्लाने चांदीचा पृष्ठभाग खाल्लेला, त्याला इलाज नाही. पाचही आता ३१ मिलिमीटरच्या कॅप्सूलमध्ये आहेत, डबा आतल्या खोलीत खालच्या कप्प्यात, आणि आजीचं ते लाल सुती कापड पण जपून ठेवलंय, वेगळ्या पाकिटात.